जुन्या मोटारीस वळण

'वळण' हा शब्द मराठींत दुहेरी आहे. रस्त्याचें वळण तें एक, आणि मुलांस लावावयाचें वळण तें दुसरें. अमेरिकेंतील जुन्या बलाढ्य मोटारींचा विचार करूं लागलों म्हणजे हे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणीं येऊन मिळतात असें आम्हांस वाटतें.

पाँटिॲक कंपनीनें आपल्या १९६४ च्या गाड्यांत मध्यम बांध्याच्या मोटारीस ३८९ घन इंचांचें इंजिन बसवून 'जीटीओ' विक्रीस काढली. त्याच वर्षीं एप्रिलांत फोर्डची 'मस्टँग' आली. या गाड्यांस पुढें 'मसल कार', म्हणजे पिळदार अंगाची गाडी, असें नांव पडलें. सरळ रस्त्यावर त्या बाणासारख्या सुटत. परंतु वळण आलें कीं त्यांचें उणें दिसे. जड इंजिन पुढें असल्यामुळें निम्म्याहून अधिक भार पुढच्या चाकांवर पडतो. वळतांना गाडीचें अंग बाहेर कलतें, त्याबरोबर बाहेरचें चाकही माथ्याकडून बाहेर झुकतें, आणि टायर जमिनीवर सपाट न बसतां कडेवर उभा राहतो. मग पकड कोठून राहणार?

यावरचा उपाय त्याच काळीं सांपडला होता. १९६५ सालीं कॅरोल शेल्बी यांनीं मस्टँगपासून 'जीटी ३५०' तयार केली. तिचें इंजिन ३०६ अश्वशक्तीचें होतें खरें. पण तिचें मर्म चाकांच्या बांधणींत होतें. फोर्डमधील इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांची युक्ति अशी कीं, पुढच्या चाकास वरून धरणारा जो दांडा, त्याचें मूळ सुमारें एक इंच खालीं घ्यावयाचें. मग स्प्रिंग दबली कीं चाकाचा माथा आंत ओढला जातो व टायर सपाट बसतो. जोडीला एक इंच जाडीचा अँटिरोल बार, कोनी कंपनीचे शॉक ॲब्सॉर्बर आणि पुढें डिस्क ब्रेक होते. या गाडीनें १९६५ पासून लागोपाठ तीन वर्षें अमेरिकेंतील स्पोर्ट्स कार क्लबाच्या 'बी प्रॉडक्शन' वर्गाचें अजिंक्यपद मिळविलें.

हें सारें आमच्या घरांत आलें तें पुतण्यामुळें. तो नोकरीनिमित्त मिशिगनमध्यें राहतो, आणि आम्हीही त्याच्याचकडे असतों. त्यानें साठीला टेकलेली, १९६६ ची मस्टँग घेतली. "काका, आधीं इंजिनाची ताकद वाढवूं," असा त्याचा आग्रह. त्या गाडींतून त्याच्या मातोश्री, म्हणजे आमच्या वहिनी, दर शनिवारीं देवळांत जातात. म्हणून आमचा क्रम निराळा होता: आधीं थांबणें, मग वळणें, आणि सर्वांशेवटीं धांवणें.

आणि थांबण्याची काळजी कांहीं वायफळ नव्हती. त्या सालच्या मस्टँगमध्यें चारही चाकांच्या ब्रेकांचें तेल एकाच कप्प्यांतून जातें. एका नळींत गळती झाली कीं चारही ब्रेक जातात. १९६७ पासून दोन स्वतंत्र कप्पे आले. तेव्हां पहिला खर्च दुहेरी कप्प्याचा मास्टर सिलिंडर आणि पुढच्या डिस्क ब्रेकांवर झाला. नंतर वयानें भेगाळलेले रबरी बुश व सैल सांधे बदलले, नवे रेडिअल टायर व शॉक ॲब्सॉर्बर घातले. त्यानंतर चार भोकें पाडून वरचे दांडे खालीं घेतले, आणि जाड बार बसविला. शेवटीं अलाइनमेंट. कंपनीचे जुने आंकडे त्या काळच्या टायरांसाठीं होते. रेडिअल टायरांना चाकाचा कणा मागें अधिक कललेला लागतो, तेव्हां गाडी सरळ रेषा धरते.

पुतण्याच्या एका मित्रानें हरकत घेतली कीं, अशानें गाडीचें अस्सलपण जातें. जी गाडी मूळच्या रंगासह, मूळच्या सुट्या भागांसह टिकून आहे, तिला हात लावूं नये, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु जी रोजच्या रस्त्यावर माणसें घेऊन धांवते, तिचा पहिला धर्म त्यांस सुखरूप पोंचविणें हा होय. शिवाय जुनीं भोकें जागच्या जागीं आहेत, आणि काढलेले भाग चिठ्ठ्या लावून पेटींत ठेविले आहेत.

महामार्गावरून उतरणाऱ्या रस्त्याच्या वांकावर वहिनी पूर्वीं दाराची मूठ घट्ट धरून बसत. आतां तेथें त्यांचा जप खंडत नाहीं. इंजिन मात्र अजून जसेंच्या तसें आहे, आणि ताकद वाढविण्याची गोष्ट पुतण्याही काढीनासा झाला आहे. गाडी हातांत असली म्हणजे आहे तीच शक्ति पुरते. घरांतील तरुणांच्या हातीं जोरकस वाहन देणाऱ्या वडील मंडळींनीं अश्वशक्तीचा आंकडा मागाहून विचारावा. आधीं तें कसें थांबतें व कसें वळतें हें स्वतः बसून पाहावें.