डोके पुढे, पाय मागे

सेंट मॉरिट्झला आम्ही गेलो ते स्कीइंगसाठी. तीन दिवसांत पायांखालच्या त्या पट्ट्यांशी थोडेफार सूत जमलेही. पण माझे मन जडले ते तिथल्या क्रेस्टा रनवर. ही बर्फाची घसरगुंडी १८८५ पासूनची. दर हिवाळ्यात नव्याने बांधतात. लांबी सुमारे १,२०० मीटर. घसरगाडीवर पालथे पडायचे आणि डोके पुढे करून सुटायचे. ब्रेक म्हणून बुटांच्या टोकांना लोखंडी दाते, बस्स!

बायकांना इथे १९२९ पासून बंदी होती. २०१८ मध्ये ती उठली. "उगीच उठवली," हे म्हणाले. झाले! माझा बेत पक्का.

नवशिक्यांना आधी अपघातांची साग्रसंगीत माहिती देतात. मग 'जंक्शन'पासून, म्हणजे जरा खालून, सोडतात. गळ्यात काही नको, म्हणून तीस वर्षांत प्रथमच मंगळसूत्र काढून यांच्या हातात दिले. दोघेही काही बोललो नाही.

सुटले. हनुवटीखाली वीतभरावर बर्फ धावत होता. खरी कसोटी 'शटलकॉक' वळणाची. वेग आवरला नाही, तर माणूस तिथून बाहेर फेकला जातो. अशा पडलेल्यांचा एक क्लबही आहे. साहेबलोक कशाचा क्लब काढतील, नेम नाही! मी दाते रोवले. करकर, करकर... वळण सरले. मग मात्र पाय जरा सैल सोडले. काय तो वेग!

ट्रकने वर आणले तेव्हा हे जागचे हलले नव्हते. मूठ उघडायला त्यांना वेळ लागला. तळव्यावर काळ्या मण्यांचे ठसे उमटले होते.