मनगटाचा कायदा

प्रबंधात उतारा घ्यायचा तर तो आधी बोटांतून जावा लागे. जुन्या मासिकांचे अंक ग्रंथालयाबाहेर नेता येत नसत, आणि झेरॉक्सला दिले तर बांधणी उसवते म्हणून ग्रंथपाल त्यालाही नाही म्हणत. मग कार्डावर पेन्सिलीनं उतरवत बसायचं. वरच्या कोपऱ्यात मासिक, महिना, वर्ष, पृष्ठ; खाली मजकूर, जुन्या शुद्धलेखनातल्या अनुस्वारांसकट. तिसऱ्या-चौथ्या पानाला मनगट कुरकुरू लागलं की आपसूक हात आखडता घेतला जाई. ज्यावर आपल्याला काही म्हणायचंय तेवढंच उतरवायचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ आमच्यापैकी कुणी वाचलेलं नव्हतं. संशोधनासाठी, समीक्षेसाठी दुसऱ्याचा मजकूर रास्तपणे वापरायची मुभा ते देतं. रास्त म्हणजे किती, हे आमचं मनगटच ठरवायचं.

परवानगीचा प्रश्न यायचा तो प्रबंधाचं पुस्तक होताना. अख्खी कविता छापायची असेल तर प्रकाशक म्हणे, कवीचं पत्र आणा. इनलँड टाकायचं, पंधराएक दिवसांनी दोन ओळींचं उत्तर यायचं. एका ज्येष्ठ कवींनी तर परवानगीखाली संग्रहातला मुद्रणदोषही दाखवून दिला होता. पैसे कुणी मागितल्याचं आठवत नाही. पुस्तकाची एक प्रत पाठवा, एवढीच अट.

आता मोबाइलनं पानाचा फोटो काढला की मजकूर टाइप होऊनच हाती येतो. या सोयीच्या आधीच्या पिढीवरून, म्हणजे साध्या झेरॉक्सवरून, दिल्लीत केवढं महाभारत झालं! दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानात प्राध्यापकांनी नेमलेल्या उताऱ्यांचे संच मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. २०१६मध्ये उच्च न्यायालयानं तो फेटाळला. न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी निकालात आपल्या विद्यार्थिदशेत पानंच्या पानं हातानं उतरवून घेत त्याची आठवण काढली आहे. जे कष्टानं केलं तर गुन्हा नव्हता, ते यंत्रानं सोपं झालं म्हणून गुन्हा कसं ठरेल, असा त्यांचा रोख. निकालपत्रात मला आमची कार्डंच भेटली. पुढे खंडपीठानं काही मुद्द्यांपुरता दावा पुन्हा सुनावणीला धाडला, पण प्रकाशकांनीच तो मागे घेतला.

आजच्या विद्यार्थ्याला मात्र धास्ती आहे ती टक्क्यांची. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे प्रबंध परत येतो, आणि ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. "सर, १८ टक्के आलंय," म्हणत एक विद्यार्थिनी आली. तिनं घाबरून मर्ढेकरांच्या ओळीच गाळल्या होत्या. वास्तविक संदर्भासह दिलेलं अवतरण त्या मोजणीतून वगळायचं असतं. त्याच नियमांत लिहिलंय. मर्ढेकर १९५६मध्ये गेले. मृत्यूनंतर साठ वर्षं धरली तर त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कविता २०१७पासून मोकळ्या. आम्हाला पत्र लागे, तिला तेही नको. हे ऐकून ती म्हणाली, "मग नाव तरी कशाला द्यायचं?" कॉपीराइट संपला तरी दुसऱ्याच्या ओळी आपल्या म्हणून खपवणं ही चोरीच, हे तिला पटायला वेळ लागला. तिचा तरी काय दोष? शब्द इकडचे तिकडे करून टक्के उतरवून देणाऱ्यांची हल्ली दुकानं आहेत.

प्रकाशक दुसऱ्या टोकाला. समीक्षेत आलेल्या चार ओळींनाही त्यांना लेखी परवानगी हवी, कायदा ती मागत नसताना. आणि मागायची कुणाकडे? मूळ प्रकाशनसंस्था बंद पडलेली, वारस परदेशात. पत्ताच न लागणाऱ्या लेखकाच्या साहित्यासाठी कलम ३१अ खाली परवाना मिळू शकतो, पण त्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात द्या, मग अर्ज करा, मग वाट पाहा. तीनशे प्रतींच्या समीक्षाग्रंथासाठी एवढं कोण करणार? लेखक कविता काढून टाकतो आणि तिच्यावरचं दोन पानी विवेचन तसंच छापतो.