टीव्हीवरच्या गावाला पावसाळा नसतो

टीव्हीवरचं गाव नेहमी हिवाळ्यात असतं. आभाळ निरभ्र, उन्हं तिरपी, धानाचे भारे खळ्यावर येऊन पडलेले, म्हातारी माणसं ओट्यावर निवांत. चिखल नाही, गळकं छप्पर नाही, ओल्या सरपणाचा धूर नाही. नव्या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं मी एका मराठी वाहिनीवरच्या माहितीपट मालिकेसाठी संशोधन आणि लेखन करत होते. महाराष्ट्रातली गावं, तिथली कामं, माणसं, झाडं-पाखरं, रीतभात असा मालिकेचा पसारा. भाग अर्ध्या तासाचा, जाहिराती वगळल्या की उरायची बावीस मिनिटं. हे हिवाळी गाव कसं तयार होतं ते मी तिथे आतून पाहिलं.

त्यामागे कुणाचा कट वगैरे नसतो, हिशेब असतो. दसरा झाला की रेकी, दिवाळी आटोपली की शूटिंग, आणि होळीच्या आत सगळे भाग टेपवर, असा शिरस्ता होता. कॅमेरा भाड्याचा आणि भाडं दिवसावर. पावसाने दिवस खाल्ला तरी कॅमेऱ्याचं भाडं, युनिटच्या शिफ्टचे पैसे आणि लॉजचं बिल चुकत नाही. तेव्हा बीटाकॅमवर काम चालायचं. या कॅमेऱ्याच्या आत टेप एका फिरत्या ड्रमवरून जाते. त्या ड्रमवर दमटपणा धरला की टेप चिकटू नये म्हणून कॅमेरा आपणहून थांबतो आणि ‘ह्युमिड’ अशी अक्षरं झळकतात. ती दिसली की कॅमेरामन कपाळाला हात लावून बसायचा. शिवाय पाऊस नटासारखा वागत नाही. डोळ्यांना धो धो दिसणारा पाऊस पडद्यावर नुसता मळकट उजेड होऊन उतरतो. धारा दिसायच्या तर थेंबांच्या मागून प्रकाश यावा लागतो, आणि ढगाळ आभाळाखाली तो आणायचा कुठून?

दुसरं कारण माणसांचं. आषाढ-श्रावणात शेतावरच्या माणसाला ‘जरा इकडे बघून बोला’ म्हणायची सोय नसते. पेरणी, लावणी, निंदणी यांच्या तारखा पाऊस ठरवतो, प्रॉडक्शन मॅनेजर नाही. हिवाळ्यात मात्र लोक मोकळे असतात, चहा पाजतात, शॉट पुन्हा द्यायलाही तयार होतात. त्यामुळे कॅमेऱ्याला गाव भेटतं ते बहुतेक सवडीत. शहरातला प्रेक्षक बघतो आणि म्हणतो, काय निवांत आयुष्य आहे!

आणि त्या प्रेक्षकाचंच मत धरलं जायचं. आमच्या काळात रेटिंगचे मीटर शहरांतल्या घरांत बसवलेले असत. खेड्यातली घरं देशपातळीवर नीट मोजणीत आली ती बार्क या प्रेक्षकमोजणी संस्थेची व्यवस्था सुरू झाल्यावर, २०१५ साली. म्हणजे गावावरची मालिका गावात किती जण बघतात याचा आकडा आमच्या मीटिंगमध्ये कधी नसायचाच. असायचा तो शहरांचा. तिथून निरोप यायचा: ‘थोडा कलर वाढवा, सण घ्या, फार ग्रे नको.’

दूरदर्शनचं गणित वेगळं होतं, हे मला पुढे लक्षात आलं. २६ जानेवारी १९६७ला ‘कृषी दर्शन’ सुरू झालं ते दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांसाठी. मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झालं आणि ‘आमची माती आमची माणसं’ घरोघरी पोचलं. त्या कार्यक्रमांना आम्ही लहानपणी नाकं मुरडायचो. टेबलामागे तज्ज्ञ, हातात कीड लागलेलं पान. पण तो कार्यक्रम बघणाऱ्याच्या हंगामाशी बांधलेला होता. भातावरच्या तुडतुड्यांची फवारणी जानेवारीत सांगून चालत नाही. आमची मालिका देखणी होती, पण शेतकऱ्याचं पंचांग तिला कुठेच चिकटत नव्हतं.

याचा परिणाम फक्त दृश्यांवर होत नाही, समजुतीवर होतो. मेंढपाळ धनगरांवरचा भाग आम्ही कोकणात केला. फलटण, माण या कोरड्या मुलखातले वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन एकत्र फिरणारी कुटुंबं, दिवाळीच्या सुमारास घाट उतरतात, कापलेल्या भातखाचरांत मेंढरं बसवतात. जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं, वाड्याला त्याबद्दल धान्य किंवा पैसे. भाग छान झाला. घोड्यावर लादलेला संसार, वाघरीच्या जाळ्यात कोंडलेली मेंढरं, पहाटेचं धुकं. त्यात एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे घर. कोकणचा पाऊस मेंढरांना सोसत नाही, खुरं सडतात, म्हणून पावसाआधी वाडे परत देशावर चढतात. तिथे त्यांची घरं असतात, बाजरीचं रान असतं, रेशनकार्डावर पत्ता असतो. आमचा भाग बघून कुणालाही वाटावं, ही माणसं जन्मभर चालतच असतात. आम्ही खोटं काही दाखवलं नव्हतं. आम्ही दाखवलेली निम्मी गोष्ट लोकांनी पूर्ण धरली, इतकंच. 

झाडीपट्टीत मात्र आम्हाला तोंडावर सांगणारा माणूस भेटला. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा आणि तळ्यांचा पट्टा. तिथेही आम्ही थंडीतच पोचलो होतो, कारण नाटकं. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम उभा राहतो. वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं, पंचक्रोशीतली माणसं पांघरुणं घेऊन येऊन बसतात. कॅमेऱ्याला यापेक्षा काय हवं? पण तिकिटाचे पैसे खिशात येतात ते धान निघाल्यावर, आणि धान उभं राहतं ते पावसातल्या रोवण्यावर, म्हणजे लावणीवर. हंगामाची ती मागची बाजू आमच्या पटकथेत एका वाक्यात गुंडाळलेली होती.

त्याच फेरीत आम्ही तळ्यांवर गेलो. या भागातली जुनी तळी गोंड राजांच्या काळापासूनची. ती बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. पुढे ती मालगुजारांच्या ताब्यात आली. १९५१ साली मालगुजारी कायद्याने संपली, तळी सरकारकडे गेली, आणि ‘माजी मालगुजारी’ या कागदावरच्या नावाचं लोकांनी ‘मामा तलाव’ करून टाकलं. ज्या गावात आमचा मुक्काम होता, तिथल्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातले एक वयस्क काका जाळं विणत बसले होते. हिवाळी पाहुण्या बदकांचे थवे पाण्यावर, मागे उतरतं ऊन. कॅमेरामन खुश होता. काकांना विचारलं, तळ्याबद्दल सांगा. ते म्हणाले, ‘आता काय सांगू जी? पानी पडते तवा कोनी येत नाही, सारे थंडीतच येतेत. तरा तवा पाहाव.’

‘तरा’ म्हणजे तळं. हे वाक्य टेपवर होतं. एडिटिंगच्या वेळी दिग्दर्शकाने ते दोनदा ऐकलं, आणि पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये एक भाग पावसातला असेल असं वाहिनीकडून भांडून मिळवलं. बदल्यात दुसऱ्या एका भागाचे दिवस कापून द्यावे लागले.

जुलैअखेर आम्ही त्याच गावात परत गेलो. जीपचा एसी बंद ठेवायचा, खिडक्या उघड्या, असा कॅमेरामनचा हुकूम होता. थंड गाडीतून दमट हवेत कॅमेरा काढला की ड्रमवर बाष्प धरतं, म्हणून कॅमेऱ्याला आधीपासूनच बाहेरच्या हवेत ठेवायचं. रात्री आम्ही खोलीत झोपायचो आणि कॅमेरा ओसरीवर, प्लास्टिकखाली. वीज दिवसाचे कितीतरी तास नसायची. बॅटऱ्या गिरणीवर चार्जिंगला लावायच्या आणि गिरणी चालू झाली की पोराने धावत येऊन सांगायचं, अशी व्यवस्था होती.

रोवणा चालू होता. बायकांची रांग वाकलेली, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची जुडी, उजव्या हाताने दोन-तीन काड्या सोडवून चिखलात टोचायच्या आणि एक पाऊल मागे. लावणी मागे सरत जाते, नाहीतर लावलेल्यावरच पाय पडतो. म्हणून आमच्या युनिटलाही उलटं चालावं लागलं. काम एकराच्या ठरावावर होतं, थांबणं म्हणजे मजुरी घालवणं. त्यामुळे मुलाखतीची अट रांगेतल्या एका बाईनेच घातली: ‘विचारा, पन मी उभी नाही राहत.’ साउंड रेकॉर्डिस्ट गुडघाभर चिखलात बूम धरून तिच्या बाजूने मागे सरकत होता. मी प्रश्न विचारायचे, ती उत्तर द्यायची, आणि प्रत्येक उत्तरात दम घेण्याच्या जागा होत्या. वाक्य सुरू व्हायचं, तीन काड्या टोचल्या जायच्या, मग वाक्याचा उरलेला भाग. ती नवऱ्याच्या कर्जाबद्दल बोलली, पायाच्या बोटांतल्या चिखल्यांबद्दल बोलली, संध्याकाळी चुन्याचा लेप लावूनही झोप लागत नाही म्हणाली. मध्येच शेजारणीला ओरडून ‘दाट लावतेस’ म्हणालीही. हिवाळ्यात याच गावातल्या बायकांनी ओट्यावर बसून दिलेल्या मुलाखती माझ्याकडे होत्या. त्यात वाक्यं सलग होती आणि सगळं बरं चाललं होतं.

तळं तर ओळखू येईना. हिवाळ्यात पाळीपासून लांब गेलेलं पाणी आता सांडव्यावरून वाहत होतं. काकांनी आम्हाला तिथे उभं केलं. वाहत्या पाण्यात मासे उलटे चढत होते. अंडी घालायला उथळ पाण्याकडे जायची त्यांची ही वेळ. काही जण वाटेवर सापळे लावून बसले होते आणि काका त्यांना शिव्या घालत होते. आता हे मासे धरले तर वर्षभर सोसायटीने काय धरायचं, असा त्यांचा सवाल. ढिवरांच्या सहकारी संस्था तळी ठेक्याने घेतात, रोहू-कटल्याचं बीज विकत आणून सोडतात, पण तळ्याचे आपले मासे बीज न सोडता वाढतात, ते असे. सापळेवाल्यांत त्यांचा पुतण्याही होता. भांडण कॅमेऱ्यासमोर झालं आणि त्याचं कुणालाही काही वाटलं नाही. पलीकडे धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी. सारस पावसाळ्यातच घरटं करतो, तळ्याकाठच्या नाहीतर धानातल्या पाण्यात गवत-काड्यांचा ढीग रचून. निसर्गावरच्या भागांत आम्ही नेहमी हिवाळी पाहुणे पक्षी घेत आलो होतो. जे इथेच राहतात, इथेच पिल्लं वाढवतात, त्यांची खरी धावपळ आमच्या सुट्टीच्या महिन्यांत चाललेली असायची.

दुपारी ‘ह्युमिड’ झळकलंच. कॅमेरा सुकेपर्यंत ओसरीवर बसून राहण्याशिवाय इलाज नव्हता. मालिकेतली माझी सगळ्यात चांगली टिपणं या बसण्यातली आहेत. घरातल्या घरात गळती कुठे आहे आणि तिच्याखाली कुठलं भांडं जातं, पऱ्हे कमी पडले तर कुणाकडून उसने आणायचे, धान घरात यायला अजून चार महिने असताना किराण्याची उधारी किती वाढू द्यायची. गावाचं अर्थकारण समजून घ्यायचं असेल तर श्रावणात दुकानदाराची वही पाहावी. कापणीनंतर त्या वहीवर रेघा मारून झालेल्या असतात.

एडिटला वाहिनीचं म्हणणं आलं ते अपेक्षेप्रमाणे: फार ग्रे आहे, व्हॉइस ओव्हर वाढवा, म्हणजे प्रेक्षकाला आधार मिळेल. दिग्दर्शकाने रोवण्याच्या मुलाखतीवर माझं एकही वाक्य चढू दिलं नाही. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज आणि मधले दम तसेच ठेवले. लेखक म्हणून माझा फुलस्केपचा अख्खा कागद कापला गेला, आणि भाग त्यामुळेच उभा राहिला. रेटिंग यथातथाच होतं.

प्रक्षेपणाच्या वेळी गावात वीज नव्हती. पुढे आम्ही व्हीसीडी पाठवली, आणि हिवाळ्यात नाटकांच्या भागासाठी परत गेलो तेव्हा सगळ्यांसोबत बसून पुन्हा पाहिली. आदल्या वर्षीचा थंडीतला भाग त्यांनी पाहुण्याचं कौतुक करावं तसा पाहिला होता, ‘चांगला हाय’ म्हणून. हा भाग लागला आणि खोलीत वाद सुरू झाले. ही रांग कुणाच्या बांधीतली, ओळ वाकडी का, पुतण्याचा सापळा कायद्यात बसतो का नाही. मजुरीचा दर त्या बाईने कमी सांगितला असं एकीचं म्हणणं, आणि ती बाई तिथेच बसलेली, तिने दोघींचा हिशेब बोटांवर मांडून दाखवला. शेतमालकही खोलीत होता. त्याला तो हिशेब ऐकावा लागला. पुढच्या रोवण्याच्या दराची बोलणी तिथे अर्धी उरकली म्हणायला हरकत नाही.

आता खेड्यातली पोरं फोनवर रोवण्याचे, पुराचे, बैल धुण्याचे व्हिडिओ करतात. फोन भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालतात आणि पुढे चालू. दिवसाचं भाडं नाही, शिफ्ट नाही, म्हणून त्यांच्या गावाला बाराही महिने असतात. मोठ्या कॅमेऱ्यांच्या मालिकांना हे जमायचं तर एकच उपाय मला ठाऊक आहे. शूटिंगचं वेळापत्रक आखायला बसताना युनिटची उपलब्धता आणि वाहिनीचा स्लॉट नंतर बघावा. आधी ज्या गावाला जायचं तिथल्या एखाद्या कामकरी बाईला विचारावं, की तुम्हाला बोलायला अजिबात फुरसत नसते असे दिवस कुठले? तिने सांगितलेल्या तारखा लिहून घ्याव्यात आणि त्याच दिवसांसाठी कॅमेरा बुक करावा.