काळ्या मोहऱ्यांसाठी पुस्तक

पांढरी मोहरी वाट्याला आली की तेरा वर्षांची नात निर्धास्त खेळे. काळी आली की तिचा चेहरा उतरे. एका स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांचे तिन्ही डाव ती हरली. तिन्ही वेळा प्रतिस्पर्ध्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकूनच आरंभ केला होता. घरी परतताना ती म्हणाली, “आजोबा, आता स्पर्धा पुरे.” त्यावर आजोबांनी पुस्तक आणण्याचे ठरविले.

पहिले पुस्तक उत्साहाच्या भरात घेतले गेले. सिसिलियन बचावातील नायडॉर्फ प्रकार, फिशर आणि कास्पारोव यांचा आवडता! पण पानेच्या पाने चालींच्या शाखा-उपशाखांनी भरलेली, स्पष्टीकरण क्वचित. शिवाय पांढऱ्याने आडवळणाचा मार्ग धरला तर त्याची तयारी निराळी करावी लागते, आणि शाळकरी खेळाडू हमखास आडवळणच धरतात. नातीने दोन आठवडे घोकंपट्टी केली आणि सातव्या चालीला पुस्तकाबाहेरची चाल समोर येताच डाव गमावला. दोष तिचा नव्हता, पुस्तकाचाही नव्हता, निवडणाऱ्याचा होता.

दुसऱ्या खेपेस आजोबा तिला दुकानात घेऊन गेले. तासभर दोघे पुस्तके चाळत होते. प्याद्यांची रचना शब्दांत समजावली आहे काय, पूर्ण डाव दिले आहेत काय, आणि मुख्य म्हणजे काळा हरलेला एखादा तरी डाव आहे काय, हे त्यांनी पाहिले. आपल्याच बचावाच्या उणिवा झाकणारे पुस्तक घेऊ नये. देणी लपविणाऱ्या ताळेबंदावर शहाणा माणूस ठेव ठेवीत नाही.

फ्रेंच बचावाचे पुस्तक चांगले होते, परंतु त्यात वजिराकडचा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. “कोंडलेला उंट मला नको,” नात म्हणाली. मग कॅरो-कान हाती आले. होरेशिओ कॅरो आणि मार्कस कान यांनी 1886 साली विश्लेषण केलेला हा बचाव. वजिराकडच्या उंटासमोरचे प्यादे एक घर पुढे टाकायचे, पुढच्या चालीत वजिरासमोरचे दोन घरे टाकून मध्यभागी टक्कर द्यायची. अनेक प्रकारांत तो उंट आधी बाहेर पडतो, मग राजासमोरचे प्यादे हलते. 1958 साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, बोट्विनिक यांनी स्मिस्लोव यांच्याविरुद्ध पहिलाच डाव याच बचावाने जिंकला आणि गेलेले विश्वविजेतेपद परत मिळविले. ही हकिकत आजोबांनी सांगितली खरी, पण नातीचा निर्णय उंटावरूनच झाला होता.

आता रोज संध्याकाळी ती पुस्तक मिटून प्रत्येक चालीचे कारण आजोबांना सांगते. कारण सांगता आले नाही तर पान उलटायचे नाही, असा करार आहे.

पुढच्या स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी तिने दोन डाव बरोबरीत सोडविले, एक हरली. हरलेल्या डावाचा कागद तिने स्वतःच पुस्तकात घालून ठेवला आहे. त्या पानावर सुचविलेली चाल तिला पटलेली नाही.