मॅटाडोर, तुला दोन रंग देताना

प्रिय मॅटाडोर,

बारामती-इंदापूर रस्त्याच्या आत, उसाच्या फडाला लागून असलेल्या शेडमध्ये तू उभी आहेस. आतली बाकडी निघाली. तिथे झोपायला फळी, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसणार. बाहेरून तुला दोन रंगांत रंगवायचं, तेही घरीच, असं घरातल्या पोरांनी ठरवलं आहे. त्यांनी मोबाइलवर फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनचे फोटो दाखवले आणि ‘अगदी अशीच हवी’ म्हणाले. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात होतं.

त्या व्हॅनचं सोंग तू घेऊ नयेस. तुझं घराणं तिच्याहून थोडं जुनंच आहे. १९४९ साली हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात विडाल अँड झोन या कारखान्याने पहिली टेम्पो मॅटाडोर काढली. तिच्यात इंजिन होतं फोक्सवॅगनचंच. १९५० साली फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन बाजारात आणली आणि काही काळातच तुझ्या पूर्वजांना इंजिनं देणं थांबवलं. पुढे फिरोदियांच्या बजाज टेम्पोने तुला आकुर्डीत घडवलं, इथून शंभरेक किलोमीटरवर. आमच्या भागात तू भाजीची पोती वाहिलीस, दुधाचे कॅन वाहिलेस, लग्नाची वऱ्हाडं नेलीस आणि आषाढात दिंडीच्या मागे धान्य आणि भांडी घेऊन चाललीस. एवढं करून शेवटी तोंडावर इंग्रजी ‘व्ही’ काढून दुसऱ्या कुणासारखं दिसायचं, हे मला पटत नाही.

दोन रंग मात्र हवेतच. ते आपल्याकडे परके नाहीत. १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला गेलेली पहिली एसटी निळी-चंदेरी होती. एशियाड बसचा हिरवा-पांढरा तर कित्येकांच्या डोळ्यांत अजून आहे. दोन रंगांमागे शोभेखेरीज कारणही असतं. वरचा फिका रंग ऊन परतवतो, आतली माणसं कमी भाजतात. खालचा गडद रंग काळ्या मातीचे शिंतोडे झाकतो. म्हणून माझं मत असं, की टपापासून खिडक्यांच्या खालपर्यंत मलई पांढरा आणि खाली गेरूसारखा तांबडा. खिडकीखालून पत्र्याला जी उठावाची कड गेली आहे, तिथेच दोन्ही रंग भेटावेत. ही रेघ फुटपट्टीने आखायची गरज नाही, घडवणाऱ्याने ती पत्र्यातच दिली आहे. कड सोडून दोन बोटं वर-खाली गेलं तरी गाडी वाकडी दिसते.

आता पत्र्याबद्दल. टपाच्या कडेच्या पन्हळीत बोट फिरवलं की गंज हाताला लागतो. जुना ऑइल पेंट वरून धड दिसतो, पण त्याच्या पोटात फोड असतात. थिनरचा बोळा आतल्या बाजूला घासून पाहावा. रंग मऊ पडला, सुरकुतला, तर त्याच्यावर एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग मारण्यात अर्थ नाही. तो सगळा खरवडून पत्रा उघडा करावा, त्याच दिवशी प्राइमर मारावा. रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी तांबूस झाक आलेली असते. खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरून ती कोरडीच घासावी. लांबी पाणी पिते आणि ते पाणी आत पत्रा खात राहतं. पुढे प्राइमरवर वॉटर पेपर चालवावा लागतो, तेव्हा बोअरचं पाणी नको. नीरा डाव्या कालव्याच्या या पट्ट्यात कितीतरी बोअरचं पाणी खारं आहे. ते वाळलं की क्षाराचे पांढरे डाग राहतात आणि रंग त्यांच्यावर धरत नाही. शेवटचं पुसणं आरओच्या पाण्याने करावं.

रंग कधी मारायचा, हे इथे कारखाना ठरवतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी यांच्या आसपास राहणाऱ्याला गाळपाच्या दिवसांत अंगणात पडणारी काजळी ठाऊक आहे. ओल्या मलई रंगावर तिचा एक कण बसला तरी डोळ्यांत खुपतो. पाऊसकाळात हवेतल्या ओलीने एन.सी. पांढुरका पडतो. मे महिन्यात पत्रा इतका तापतो, की रंग पत्र्यावर पसरण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. म्हणून गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला की लगेच, ऊन चढण्याआधीच्या सकाळी काम करावं. शेडमध्ये पाणी शिंपडून धूळ बसवावी. चारी बाजूंनी डाळिंबाच्या बागेवर टाकतात ते पांढरं क्रॉप कव्हर लावावं. हवा खेळते, चिलटं अडतात.

आता टेपचं काम, आणि सगळी करामत इथेच आहे. आधी मलई रंग मारावा, तोही ठरलेल्या रेघेच्या थोडा खाली येऊ द्यावा. गडद रंग फिक्याला झाकतो, उलट केलं तर दोन हात जास्त लागतात. फिका रंग रात्रभर वाळू द्यावा. मग कडेवर बारीक प्लास्टिकची टेप ओढावी. साधी पिवळी कागदी टेप वळणावर चुरगळते आणि तिच्या सुरकुत्यांतून रंग आत शिरतो. वरचा भाग खाकी कागदाने झाकावा. वर्तमानपत्राची शाई थिनरने उठते आणि बातम्या तुझ्या अंगावर उमटतात. टेपच्या कडेवर आधी मलई रंगाचाच एक पातळ हात मारावा. त्यामुळे जे काही टेपखाली झिरपायचं ते मलईच झिरपतं आणि फट बुजते. मग तांबड्याचे पातळ हात, मध्ये थोडी विश्रांती. घाई करून एकच जाड हात मारला की ओघळ आलाच. शेवटचा हात पूर्ण कडक होण्याआधी टेप मागे दुमडून सावकाश ओढावी. नीट जमलं, तर बोट फिरवल्यावर रेघ जेमतेम जाणवते.

हार्डनरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग जास्त टिकतो, पण तो घरी नको. त्यातलं आयसोसायनेट तोंडाला बांधलेल्या रुमालाला जुमानत नाही, फुप्फुस धरतं. एन.सी.चा थिनरही पेट घेतो, तेव्हा शेडजवळ चूल, बिडी काही नको.

कागदाचं काम विसरू नये. रंग आरसीवर लिहिलेला असतो. बदलला की बारामतीच्या एमएच ४२च्या कार्यालयात नोंद करून घ्यावी. ऑलिव्ह हिरवा कुणी सुचवला तर ऐकू नये, केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो संरक्षण दलांसाठी राखून ठेवला आहे. रंगाचं एवढ्यावर भागतं, पण आत झोपायची सोय केली म्हणजे गाडीचा प्रकार बदलला का, हे रंगाचा डबा उघडण्याआधीच त्याच कार्यालयात विचारावं. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. तुझ्यासारख्या जुन्या गाड्यांनाही त्यात सोपी वाट मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, तेव्हा तू त्या रस्त्यावर असावीस. मात्र रंग मारल्यावर महिनाभर त्याला पॉलिश लावू नये, श्वास घेऊ द्यावा.

आणि हे पत्र जे वाचतील त्यांना विनंती. तुमच्या गोठ्यामागे अशी मॅटाडोर उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी टपाची पन्हळ आणि दाराखालचा पत्रा खरवडून पाहा. आत चांगलं लोखंड चमकलं, तर गाडी विकू नका. पट्टा पडेपर्यंत थांबा आणि कामाला लागा.