मठारलेला गडू आणि सोळाची चौकट

मठारकाम केलेलं तांबं फोटोत धरणं अवघड असतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोकलेला गडू समोर ठेवा. हातोडीचा प्रत्येक ठोका आपल्यापुरता उजेड परतवतो, आणि कॅमेऱ्याने स्वतःच बनवलेल्या जेपेगमध्ये ते ठिपके पांढरेफट्ट होऊन तांब्याचा रंगच हरवतो. म्हणून अशा फोटोवरून बनवायचा आयकॉन टिकलीएवढा असला, तरी मी रॉ फाइलच मागतो. एवढ्याशा चित्राला एवढी मोठी फाइल कशाला, असं लोक विचारतात. उजेडाचा निवाडा चित्र लहान करण्याआधी व्हावा लागतो, म्हणून.

रॉ फाइलमध्ये तयार चित्र नसतं. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर किती उजेड पडला, एवढीच नोंद असते. हा उजेड रंगीत जाळीतून गाळून येतो. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायर यांना १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. तिच्यात निम्मे बिंदू हिरव्यासाठी, पाव लालसाठी आणि पाव निळ्यासाठी असतात. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून काढायचे. १४ बिटच्या नोंदीत उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये २५६. गडूच्या गळ्यावरची तांबूस झळाळी या जादा पायऱ्यांमुळेच परत आणता येते.

मग पार्श्वभूमी काढून पारदर्शक करायची, चौकोनी कापायचं आणि लहान करायला घ्यायचं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून सोळा बाय सोळाच्या चौकटीत येताना सुमारे ९४ हजार बिंदूंमागे एक उरतो. त्या एकात बाकीच्यांची सरासरी उतरते, आणि इथे बहुतेक जण फसतात. फाइलमधले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. पांढरे आणि काळे बारीक ठिपके निम्मे-निम्मे असले, तर दुरून दिसणारा करडा रंग साधारण १८८ च्या आकड्याचा असतो. आकड्यांची नुसती सरासरी १२८ येते. म्हणजे चित्र काळवंडतं. सपाट रंगाच्या वस्तूत हे जाणवतही नाही, पण मठारलेल्या तांब्यात चकाकी आणि सावली खेटून असतात, तिथे गडू जुना, कळकट दिसायला लागतो. उपाय साधा आहे: आधी आकडे उजेडाच्या सरळ मापात आणायचे, त्यात लहान करायचं, मग परत फिरवायचं. रॉ उघडणारी काही सॉफ्टवेअर ही मुभा देतात.

आयकॉन ज्यात साठवतात त्या आयसीओ फाइलची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्या पोटात अनेक चित्रं राहू शकतात: १६, ३२, ४८, २५६. विंडोज किंवा ब्राउझर त्यातलं हवं ते उचलतो. ही सोय असताना एकच मोठं चित्र यंत्राकडून चारदा लहान करून घेणं मला पटत नाही. २५६ मध्ये ठोका न् ठोका दिसू द्यावा. ४८ मध्ये त्याची चाहूल पुरते. सोळात मात्र मठार काढूनच टाकावा, नाहीतर तो डागांसारखा दिसतो. तिथे फुगीर पोट, आखूड गळा, काठावर उजळ बिंदूंची एक ओळ, बस्स. बारीक कड सरळ करायला बिंदू हाताने भरावे लागले तरी भरावेत. सुझन केअर यांनी १९८४ च्या मॅकिंतॉशचे आयकॉन आलेखाच्या वहीत चौकोन भरून आखले होते. बत्तीसच्या चौकटीत प्रत्येक चौकोन त्यांनी निवडलेला होता. फोटोवरून निघालेल्या माणसालाही शेवटी तिथेच यावं लागतं.

चित्राला धार (शार्पनिंग) लावायची ती प्रत्येक आकाराला वेगळी, आणि सगळ्यात शेवटी.

तुमच्या दुकानासाठी कोणी आयकॉन करून देत असेल, तर सोळाचं चित्र वेगळं बनवलंय का ते विचारा. आणि ते मोठं करून पाहू नका. ब्राउझरच्या टॅबवर, इतर दहा टॅबच्या गर्दीत, आहे त्याच आकारात पाहून मगच पसंत करा.