'लूट': इंग्रजीत गेलेला आपला शब्द

१/ इंग्रजीत 'लूट' हा शब्द आज सर्रास आढळतो. चोरीचा माल, दंगलीतली लुटालूट, बोलभाषेत नुसता पैसा, आणि आपल्या पिढीच्या व्हिडिओ गेममधला 'लूट बॉक्स'. हा शब्द मूळचा आपल्याकडचा. संस्कृत 'लुण्ट्' या धातूपासून तो हिंदी-मराठीत रुळला आणि अठराव्या शतकात कंपनीच्या नोकरांच्या तोंडी बसला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याची नोंद आहे. १८५७-५८ पर्यंतच्या युद्धांतून तो खुद्द इंग्लंडातही स्वीकारला गेला, असे ते सांगतात.

२/ मला या शब्दाची ओढ लागली ती जव्हारजवळच्या शिरपामाळामुळे. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा तळ इथे पडला, जव्हारच्या विक्रमशाह राजांनी शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला आणि त्यावरून माळाला हे नाव मिळाले, अशी स्थानिक परंपरा आहे.

३/ 'सुरतेची लूट' म्हणू नका, 'स्वारी' म्हणा, असे अनेक मित्र मला बजावतात. त्यांची अस्वस्थता मी समजू शकतो. तरीही मला वाटते, शब्द झाकण्यापेक्षा कारण सांगावे. शाइस्ताखानाच्या फौजेने पुणे प्रांत तीन वर्षे तुडवला होता. जानेवारी १६६४ मध्ये त्याची भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल झाली. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. वीरजी व्होरासारख्या सावकारांची संपत्ती गेली. हे दोन्ही सांगितले, तरच तो इतिहास होतो.

४/ आता दुसरी बाजू पाहा. १८१७-१८ च्या युद्धात पेशव्यांची जी मालमत्ता इंग्रज फौजेच्या हाती लागली, तिला त्यांनी 'डेक्कन प्राइझ' म्हटले. तिच्या वाटणीचा वाद लंडनपर्यंत वर्षानुवर्षे चालला. कृती तीच, पण स्वतःसाठी त्यांनी कायद्याचा शब्द वापरला, जो कानाला बक्षिसासारखा लागतो.

५/ मराठीत मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. दसऱ्याला आपण सोने लुटतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात. तिथे लुटणारी घेत नाही, देते. इंग्रजीत गेला तो फक्त हिसकावण्याचा अर्थ. देण्याचा अर्थ इथेच राहिला.

तुमच्या घरी वाण 'लुटतात' की 'वाटतात'? गावाच्या नावासह जरूर लिहा.